गाडीवरचा डाग आणि कारागिराचा श्वास

दसऱ्याच्या सकाळी गाडी धुतली जाते, बोनेटवर हळद-कुंकवाचे स्वस्तिक रेखले जाते, झेंडूचा हार चढतो. चार दिवसांनी हार सुकतो, स्वस्तिक पुसायची वेळ येते आणि मग लक्षात येते, की पांढऱ्या रंगावर पिवळसर छटा तशीच राहिली आहे. साबण लावावा तर तो पिवळा डाग लालच होतो. शेजारी टूथपेस्ट सुचवतात, सोसायटीचा वॉचमन रॉकेलचा बोळा फिरवायला सांगतो आणि गॅरेजवाला म्हणतो, ‘रबिंग मारून बघू, नाहीच गेला तर बोनेट रंगवून टाकू.’

हे तिन्ही उपाय मुळात वेगवेगळे आहेत. टूथपेस्ट आणि रबिंग म्हणजे घासून काढणे, रॉकेल म्हणजे विरघळवणे आणि बोनेट रंगवणे म्हणजे जुने झाकून नवा थर चढवणे. कोणता उपाय केव्हा करायचा हे डाग कशाचा आहे आणि तो किती खोल गेला आहे, यावर ठरते. ते न पाहता हात चालवला तर गाडीचा रंग कायमचा बिघडतो. तिसऱ्या उपायाची किंमत तर केवळ मालकाच्या खिशातून जात नाही. ती रंगाची बंदूक हातात धरणाऱ्या माणसाच्या फुप्फुसांतूनही वसूल होते.

केसाएवढी जाडी

गाडीचा रंग म्हणून जे दिसते तो एक थर नसतो. पोलादी पत्र्यावर आधी फॉस्फेटची प्रक्रिया होते. मग सगळा सांगाडा रंगाच्या हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने गंजरोधक थर बसवला जातो. त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंग असलेला बेसकोट आणि सर्वांत वर काचेसारखा पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळे मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. गाडीची सगळी चमक ज्याच्यावर अवलंबून असते तो क्लिअर कोट जेमतेम ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे केसाहूनही बारीक असतो.

या थराचे काम केवळ चमकण्याचे नाही. सूर्याचे अतिनील किरण शोषून घेणारी रसायने त्यात मिसळलेली असतात. ती नसती तर खालचा रंग उन्हाने विटला असता. म्हणून क्लिअर कोट घासून पातळ केला की आज गाडी झळकते, पण काही उन्हाळ्यांनंतर टपावर आणि बोनेटवर पांढुरके चट्टे पडू लागतात आणि पापुद्रे सुटतात. तेव्हा पॉलिश करण्याजोगे काही उरलेले नसते.

जुन्या अॅम्बेसेडर आणि पद्मिनीच्या काळात गाड्यांवर असा वेगळा पारदर्शक थर नसे. वरचा थर हाच रंग असे. पॉलिश करताना फडक्याला गाडीचा रंग लागायचा, वरची विटलेली कातडी निघून खालचा ताजा रंग उघडा पडायचा. ‘वर्षातून एकदा रबिंग केलेच पाहिजे’ ही सवय त्या काळातली आहे. आजच्या गाडीवर रबिंग करताना फडके पांढरेच राहते, त्यामुळे काही झिजले असे वाटत नाही. प्रत्यक्षात पारदर्शक थर झिजत असतो. फडक्याला रंग लागलाच, तर क्लिअर कोट संपला असे समजावे.

डाग कोणत्या जातीचा?

डाग ढोबळमानाने तीन प्रकारचे असतात. पहिला प्रकार थरावर नुसता बसलेला, दुसरा थरात मुरलेला किंवा थराला खाणारा, आणि तिसरा ओरखडा.

पहिल्या प्रकारात डांबराचे थेंब, स्टिकरचा चिकटा, झाडाचा चीक आणि पाण्याचे पांढरे ठिपके येतात. डांबर पाण्यात विरघळत नाही, पण तेलकट द्रावकात विरघळते. म्हणूनच रॉकेलने ते निघते. मात्र यासाठी पेट्रोल वापरण्याची सवय घातक आहे. पेट्रोलमध्ये बेंझिन असते, ते रक्ताच्या कर्करोगाला कारणीभूत ठरणारे रसायन आहे आणि ते श्वासातून तसेच त्वचेतूनही शरीरात जाते. आगीचा धोका वेगळाच. डांबरासाठी बाजारात मिळणारे टार रिमूव्हर मोकळ्या हवेत, हातमोजे घालून वापरावे आणि ती जागा नंतर शाम्पूने धुवावी.

पाण्याचे ठिपके बोअरवेलच्या जड पाण्यामुळे पडतात. पाणी उडून जाते आणि त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार मागे राहतात. इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये स्लॅबमधून ठिबकणाऱ्या पाण्याचे डागही याच कुळातले. ते पाणी सिमेंटमधला चुना सोबत आणते. ताजे असताना ते अल्कधर्मी असते आणि रंगाला त्रास देते, वाळले की त्याची चुनखडी होते. कोरडे घासून ती निघत नाही, उलट ओरखडे मात्र पडतात. व्हिनेगरमध्ये तेवढेच पाणी मिसळून, त्यात भिजवलेले मऊ फडके गार पत्र्यावर मिनिटभर ठेवले तर आम्ल चुनखडी विरघळवते. मग भरपूर पाण्याने धुवायचे. काँक्रीटच्या ठिबकणाऱ्या छताखालची जागा बदलणे हा यापेक्षा स्वस्त उपाय.

पर्जन्यवृक्षाखाली गाडी लावणाऱ्यांना वेगळाच अनुभव येतो. काचेवर, टपावर चिकट थेंब पडलेले असतात. तो पाऊस झाडाचा नसतो, झाडावरच्या पिठ्या ढेकणांसारख्या रसशोषक किडींचा असतो. झाडाचा रस पिऊन जास्तीची साखर त्या बाहेर टाकतात. साखरच ती, कोमट पाण्याने आणि शाम्पूने निघते. उन्हात भाजून घट्ट होण्याआधी धुतली म्हणजे झाले.

बोनेटवर हात फिरवताना धुतल्यानंतरही खरखरीत लागत असेल, तर ते बहुधा लोखंडाचे सूक्ष्म कण असतात. ब्रेक लावताना डिस्क आणि पॅड झिजतात, रेल्वेची चाके रुळांवर घासतात. हे कण उडून रंगात रुततात आणि गंजतात. पांढऱ्या गाडीवर तपकिरी टिकल्या दिसतात त्या याच. त्यांच्यासाठी असलेल्या द्रवात थायोग्लायकोलेट असते. केस कुरळे करण्याच्या पार्लरमधल्या द्रावणातही तेच रसायन असते, त्यामुळे वासही ओळखीचा येतो. लोखंडाशी संयोग झाला की ते जांभळे होते आणि गाडीवरून जांभळे ओघळ वाहू लागतात. उरलेले कण काढायला चिकणमातीसारखा दिसणारा ‘क्ले बार’ वापरतात. भरपूर साबणपाण्यावरून तो हलकेच फिरवला की वर आलेले कण तो उचलून घेतो. तो जमिनीवर पडला तर मात्र फेकून द्यावा, कारण त्यात रुतलेली वाळू पुढच्या फेरीत रंग ओरबाडते.

आता हळदीकडे. हळदीतले कर्क्युमिन अल्कधर्मी पदार्थाच्या संपर्कात लाल होते. हळदीला चुना लावून कुंकू करतात ते याच गुणामुळे. कपड्याचा साबण अल्कधर्मी असल्याने बोनेटवर नेमके तेच घडते. पण कर्क्युमिन उन्हात टिकत नाही. उदासीन कार शाम्पूने धुऊन गाडी काही दिवस उन्हात ठेवली तर पिवळेपणा आपोआप उतरतो. म्हणजे ज्या डागासाठी रबिंगची तयारी चालली होती, त्याला बहुतेक वेळा ऊनच पुरते. बाजारातल्या कुंकवात कृत्रिम रंग असू शकतात. ते अधिक हट्टी असतात. त्यांच्यासाठी पाण्यात मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलचे फडके हलक्या हाताने टिपावे. पूजा झाल्यावर त्याच दिवशी ओल्या फडक्याने पुसले तर यातले काहीच करावे लागत नाही.

पक्ष्याची विष्ठा इतकी का बाधते?

दुसऱ्या प्रकारातला सर्वांत परिचित डाग पक्ष्यांचा. पक्षी मूत्र आणि विष्ठा एकत्रच टाकतात, त्यातला पांढरा भाग युरिक आम्लाचा असतो. शिवाय त्यात पचनाची विकरे असतात. रंगाच्या कंपन्या प्रयोगशाळेत पक्ष्यांच्या विष्ठेऐवजी पँक्रिएटिन, म्हणजे स्वादुपिंडातल्या पाचक विकरांचे मिश्रण वापरून रंगाची परीक्षा घेतात, ती याच कारणाने. त्यात उन्हाची भर पडते. उन्हाळ्याच्या दुपारी गडद रंगाचे बोनेट ६० ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापू शकते. त्या उष्णतेत क्लिअर कोट किंचित नरम होतो, फुगतो. विष्ठा मात्र वाळून टणक होते. संध्याकाळी थर गार होऊन आकसतो तेव्हा तो त्या टणक खपलीच्या आकारावर बसतो. खपली काढली तरी खाली सुरकुतलेला ठसा राहतो.

म्हणून विष्ठा दिसताच काढावी, पण घासू नये. त्यात दाण्यांची टरफले आणि वाळू असते. पाण्यात भिजवलेला जाड कागदी रुमाल पाच-दहा मिनिटे वर ठेवावा आणि मग उचलून घ्यावा. ठसा राहिला असेल आणि तो उथळ असेल तर दुसऱ्या दिवशीच्या उन्हात थर पुन्हा नरम होऊन तो काही अंशी सपाट होतो. थेट पॉलिशकडे धावण्याआधी एक-दोन दिवस वाट पाहिलेली बरी.

ओरखडा जातो म्हणजे काय होते?

तिसरा प्रकार ओरखड्यांचा. उन्हात उभ्या काळ्या गाडीकडे पाहिले तर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे दिसतात. फडके गोल फिरवल्याने ती पडली, असा समज आहे. प्रत्यक्षात ओरखडे सगळ्या दिशांना असतात. त्यांतले जे प्रकाशाच्या दिशेला आडवे येतात तेवढेच डोळ्यांकडे प्रकाश फेकतात, म्हणून दिव्याभोवती वर्तुळाचा भास होतो. हलत्या दिव्याबरोबर ते वर्तुळही हलते.

हे ओरखडे बहुतेक वेळा गाडी पुसल्यानेच पडलेले असतात. रस्त्याच्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात, ते क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कठीण. पहाटे एका बादलीत आणि एका फडक्यात आठ-दहा गाड्या पुसल्या जातात. तिसऱ्या गाडीपर्यंत ते फडके बारीक पॉलिश पेपरच झालेले असते. धूळ आधी पाण्याने सैल करून वाहू द्यावी, मग मायक्रोफायबरचे फडके फिरवावे. शाम्पूसाठी एक आणि फडके खळबळण्यासाठी एक अशा दोन बादल्या ठेवाव्यात. पाण्याची टंचाई असेल तर रोज कोरडी पुसण्यापेक्षा आठवड्यातून एकदा नीट धुतलेली गाडी अधिक काळ चांगली राहते.

ओरखड्याची खोली नखाने कळते. नख आडवे फिरवल्यावर अडकले नाही तर ओरखडा वरच्या थरात आहे आणि पॉलिशने जाऊ शकतो. नख अडकले तर तो खोल आहे. पॉलिश करताना ओरखडा भरला जात नाही, त्याच्या आजूबाजूचा थर त्याच्या तळाच्या पातळीपर्यंत खाली आणला जातो. कंपाउंडमध्ये बहुधा अॅल्युमिनियम ऑक्साइडचे सूक्ष्म कण असतात. माणिक आणि नीलम ज्या खनिजाचे असतात तेच हे खनिज, हिऱ्याच्या खालोखाल कठीण. टूथपेस्टमध्येही सिलिका किंवा कॅल्शियम कार्बोनेटची घासणारी भुकटी असते. म्हणून तिने बारीक ओरखडे फिके होतात, पण कणांचा आकार रंगासाठी ठरवलेला नसल्याने पृष्ठभाग धुरकट होऊ शकतो.

जोरकस कंपाउंडच्या एका कामात काही मायक्रॉन जातात. ३५-४० मायक्रॉनच्या भांडवलातून असा खर्च किती वेळा करायचा, याचा विचार मालकाने करायला हवा. पाव भागाहून अधिक थर काढू नये हा सावधगिरीचा नियम. चांगल्या ठिकाणी रंगाची जाडी मोजणारे छोटे यंत्र असते, काम सुरू होण्याआधी त्याचा आकडा दाखवायला सांगावे. साधे यंत्र सगळ्या थरांची एकत्रित जाडी सांगते, एकट्या क्लिअर कोटची नाही, हेही लक्षात ठेवावे. काही पॉलिशमधले मेण आणि सिलिकॉनचे तेल ओरखडे नुसते बुजवते. दोन-तीन धुण्यांनंतर ते पुन्हा दिसू लागतात. ही फसवणूकच असते असे नाही. बारीक ओरखड्यांसाठी, थर न घालवता भागवण्याचा तो शहाणा मार्गही ठरतो, मात्र काय केले ते गिऱ्हाइकाला सांगितले पाहिजे.

हार्डनरच्या डब्यात काय असते?

खोल ओरखड्यासाठी, उडालेल्या रंगासाठी शेवटी डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजची पायरी चढावी लागते. तिथे क्लिअर कोट आणि हार्डनर असे दोन डबे असतात. दोन्ही मिसळून बंदुकीने फवारले जातात आणि थोड्याच वेळात काचेसारखा टणक थर तयार होतो. ही किमया हार्डनरमधल्या आयसोसायनेट गटाच्या रसायनांची. क्लिअर कोटमधल्या रेणूंशी जोडले जाऊन ते त्यांचे घट्ट जाळे विणतात.

आयसोसायनेट हा शब्द महाराष्ट्राच्या शेजारी, १९८४ च्या डिसेंबरमध्ये भोपाळने जगाला शिकवला. तिथला मिथाइल आयसोसायनेट ३९ अंशांनाच उकळणारा, झपाट्याने वायू होणारा पदार्थ होता. गाडीच्या हार्डनरमधले रेणू त्याहून मोठे असतात, सहजासहजी उडत नाहीत, त्यामुळे दोन्ही धोके एकसारखे नाहीत. पण रासायनिक गट तोच आहे, आणि फवारणीच्या बारीक थेंबांवर स्वार होऊन तो श्वासनलिकेत पोहोचतो. थर पूर्ण सुकला की रसायन जाळ्यात अडकून निर्धोक होते, म्हणून गाडी वापरणाऱ्याला त्याचा त्रास नाही. धोका आहे तो फवारताना आणि थर कच्चा असताना.

जगभर व्यावसायिक दम्याच्या प्रमुख कारणांमध्ये आयसोसायनेट गणले जातात आणि गाड्या रंगवणारे त्यात सर्वाधिक धोका असलेल्यांपैकी आहेत. हा दमा पहिल्या दिवशी होत नाही. महिने किंवा वर्षे काही होत नाही, मग कधीतरी शरीराची प्रतिकारयंत्रणा त्या रसायनाला शत्रू मानू लागते. एकदा असे झाले की अगदी अत्यल्प मात्राही झटका आणू शकते. त्वचेवर सांडलेल्या हार्डनरमुळेही ही संवेदनशीलता निर्माण होऊ शकते. घातक पातळीलाही त्याचा वास येत नाही, त्यामुळे नाक इशारा देत नाही.

याची खूण ओळखता येते. खोकला, छातीत घरघर, दम लागणे हे कामाच्या दिवशी संध्याकाळी किंवा रात्री वाढते आणि सुट्टीत, गावी गेल्यावर कमी होते. कारागीर ‘थिनरची अॅलर्जी’ म्हणून दुर्लक्ष करतो आणि खोकल्याचे औषध घेत राहतो. डॉक्टरकडे जाताना कामाचे स्वरूप आवर्जून सांगावे. पीक फ्लो मीटर या साध्या नळीत दिवसातून चार-पाच वेळा फुंकून कामाच्या आणि सुट्टीच्या दिवसांची नोंद दोन-तीन आठवडे ठेवली तर निदानाला मोठी मदत होते. जितक्या लवकर संपर्क थांबेल तितकी फुप्फुसे सावरण्याची शक्यता अधिक. उशीर झाला तर काम सोडल्यावरही दमा राहू शकतो. कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यातील व्यावसायिक आजारांच्या यादीत अशा दम्याचा समावेश आहे, हे फारच थोड्या कारागिरांना ठाऊक असते.

तोंडाला बांधलेला रुमाल फवारणीत काहीच कामाचा नाही. कागदी मास्क घासकामाची धूळ अडवतो, बाष्प नाही. कोळशाचे गाळण असलेला मास्क काही काळ उपयोगी पडतो, पण गाळण संपले की वास न येणारे रसायन आत शिरते. म्हणून फवारणीसाठी बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क, हवा खेचून घेणारे बंद बूथ, हातमोजे आणि पूर्ण अंगरखा हा योग्य मार्ग. फवारणी थांबल्यावरही बारीक धुके काही मिनिटे हवेत असते, ते डोळ्यांना दिसत नाही, तोवर मास्क काढू नये.

आणखी दोन धोके गॅरेजमध्ये असतात. पहिला, जुन्या ट्रक-बसच्या पिवळ्या, नारिंगी रंगांत शिशाचे क्रोमेट असू शकते. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिसे ९० पीपीएमपेक्षा अधिक नसावे असा नियम भारताने २०१६ मध्ये केला, पण तो वाहनांच्या औद्योगिक रंगांना लागू नाही. असा रंग कोरडा घासला तर धूळ कारागिराच्या कपड्यांवरून त्याच्या घरातल्या लहान मुलापर्यंत पोहोचते. पाणी मारून घासणे, जेवणाआधी हात धुणे आणि कामाचे कपडे कामावरच ठेवणे एवढ्याने बराच धोका टळतो. दुसरा, चाकांवरची काळवट काढायला वापरल्या जाणाऱ्या काही द्रवांत हायड्रोफ्लोरिक आम्ल किंवा बायफ्लोराइड असते. ते बोटाला लागले तर सुरुवातीला काही वाटत नाही, तासांनंतर असह्य वेदना सुरू होतात आणि आम्ल खोलवर उती व हाडांपर्यंत जाते. भरपूर पाण्याने धुऊन ताबडतोब रुग्णालय गाठावे आणि आम्लाचे नाव सांगावे, कारण त्यावर कॅल्शियम ग्लुकोनेट हा वेगळा उपचार लागतो. लेबल नसलेली बाटली वापरूच नये.

मालकाच्या हातात काय आहे?

डाग दिसल्यावर सर्वांत सौम्य उपायापासून सुरुवात करावी. आधी पाणी आणि शाम्पू, मग डागाच्या जातीनुसार द्रावक किंवा सौम्य आम्ल, मग क्ले बार, त्यानंतर बारीक पॉलिश आणि अगदी शेवटी कंपाउंड. नवे काहीही दाराच्या खालच्या कोपऱ्यात आधी करून पाहावे. तापलेल्या पत्र्यावर आणि भर उन्हात कोणतेही काम करू नये. पत्रा उघडा पडला असेल तर मात्र टाळाटाळ नको. पावसाळ्याआधी टचअपचा थेंब लावून ती जागा बंद करावी, नाहीतर गंज रंगाखालून पसरतो.

संपूर्ण पॅनल रंगवायचे ठरले तर दर विचारताना आणखी एक प्रश्न विचारावा : फवारणी कुठे होते आणि फवारणाऱ्याला कोणता मास्क मिळतो? ‘उद्या संध्याकाळपर्यंत गाडी पाहिजे’ अशी घाई केली की बूथची वाट न पाहता रस्त्याकडेला, रुमाल बांधून काम उरकले जाते. बूथमध्ये केलेल्या कामाला चार पैसे जास्त पडतात आणि एखादा दिवस अधिक लागतो. त्यात रंगावर धूळ बसत नाही, थर नीट सुकतो आणि काम करणारा माणूस रात्री झोपताना न खोकता झोपतो. नखाला न लागणाऱ्या ओरखड्यासाठी तर त्याला बंदूक उचलायलाच लावू नये.